मरून मोटार आणि माझं तोंड

४ जानेवारी १९९८, रविवार
तिसऱ्यांदा रंग खरवडला. या खेपेस दोष सगळा माझा. मोटारीच्या बॉनेटवर सात बारीक खड्डे, टाचणीच्या टोकाएवढे. मी म्हटलं, हवेच्या नळीत तेल असेल. व.नी भिंग लावून पाहिलं.
"तेल नाही. थुंकी आहे. तू तोंडावरचा रुमाल खाली ओढून बोलत होतीस."
बोलत होते खरी. गुजरातेतल्या दारूबंदीच्या सोंगावर. श्रोता एकटा, तोही माझा नवरा, आणि हातात एअरब्रश!
लग्नाला चौतीस वर्षं झाली. त्यांच्या कामाला माझा हात लागतोय तो आत्ता, दिवाळीपासून त्यांचा उजवा हात कापायला लागल्यावर.

७ जानेवारी
शिकतेय. रंगात थिनर घालून तो दुधाइतका पातळ करायचा. ब्रश चार बोटं दूर. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करायचा, बाहेरच संपवायचा. पहिले थर नुसते धुक्यासारखे, शेवटचा ओला. घाई केली की ओघळ, लांबून मारलं की संत्र्याची साल. फरशी आधी ओली करायची, धूळ बसते.
मोटार हातभर. अंग पत्र्याचं, सांगाडा सागाचा. व.चे आजोबा संस्थानच्या मोटारखान्यात ड्रायव्हर होते, त्यांच्या गाडीची ही प्रतिकृती. वर्षभर खपून केली. आता रंग तेवढा राहिलाय, आणि तो माझ्या हातात. हे त्यांना किती जड जात असेल, ते बोलत नाहीत. ते कधीच…

१४ जानेवारी, संक्रांत
रंगकाम बंद. सुभानपुऱ्यातल्या प्रत्येक गच्चीवर लाउडस्पीकर, हवेत धूळ.
शेजारच्या हंसाबेननी वरून हाक मारली, "ओ रमकडांवाळा साहेब, उपर आवो ने!"
रमकडां म्हणजे खेळणी. खेळणीवाले साहेब! मी भडकले. हे नाव कुणी पाडलं, असं विचारलं.
"तमे ज तो पाडेलुं, बेन!" हसत हसत. "तमारा भाषणमां." मीच, माझ्या भाषणात!
व. शांतपणे तिळगूळ घेऊन वर गेले. त्यांना हे नाव जुनंच असावं.

१५ जानेवारी
ते वाक्य लिहूनच ठेवते. पादरा गावापासून बडोद्यातल्या अलकापुरीपर्यंत किती सभांत म्हटलं असेन!
"आमच्या घरी तीन मोटारी आहेत, तिन्ही हातभर. यजमान दिवसभर त्या पुसतात. म्हणजे पुरुषाला पुसता येतं, बायांनो. फक्त भांडी तेवढी दिसत नाहीत!"
दर वेळी हशा. या हशावर मी पुढचा अर्धा तास सभा ओढत न्यायचे.
आणि खरं काय? माझ्या सभेच्या दिवशी भांडी तेच घासायचे. प्रत्येक सभेच्या दिवशी. मी घरी यायचे तेव्हा ओटा कोरडा असायचा. मी, जी लोकांना सत्याची चाड शिकवते.

१८ जानेवारी, रविवार
ट्रंकेत पांघरुणं शोधताना काळी मोटार सापडली, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. अशी झळाळी की माझा चष्मा तिच्यात दिसला. तळाला प्रतिकृतींच्या प्रदर्शनाची चिठ्ठी, नऊ वर्षांपूर्वीची.
"ही का नाही मांडलीत?"
"दारापर्यंत नेली होती." फडक्याची घडी करत, "नोंदणीच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, भांडी न दिसणारे ते तुम्हीच का? सगळे हसले. परत आलो."
मला सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं मी.
यंदाच्या प्रदर्शनाचा फॉर्म त्यांच्या टेबलावर पडलाय. ५ फेब्रुवारी शेवटची तारीख. कोरा.

२५ जानेवारी, रविवार
आमच्या महिला मंडळाचा सहकुटुंब हळदीकुंकू समारंभ. विधवांनाही कुंकू लावा, नाहीतर मी येणार नाही, असं आधीच बजावलं होतं. लावलं. मी बोलायला उठले तर चिटणीस कुंदा कानाशी, "ताई, ती भांड्यांची गोष्ट हवीच हं!"
ती सांगितली नाही. खरं सांगितलं. या माणसाने भांडी घासली आणि मी त्याची थट्टा विकली, मी त्याची गुन्हेगार आहे, असं म्हणाले. हात जोडले. म्हटलं, अहो, उभे राहा. (व्यासपीठावर समता, तोंडात अजून अहो.)
टाळ्या थांबेनात. कुंदा डोळे पुसत होती.
तिसऱ्या रांगेत व. उभे राहिले नाहीत.

२६ जानेवारी
सकाळी चहा घेताना, कप खाली ठेवून:
"माफीसुद्धा माइकवर? घरात जागा नव्हती का?"
मी म्हटलं, अहो, अपमान चारचौघांत केला होता, म्हणून…
"टाळ्या तेव्हाही तुलाच पडायच्या, कालही तुलाच पडल्या."
कंप्रेसरचा प्लग काढून त्यांनी मोटारीवर कापड टाकलं.

२८ जानेवारी
चार वेळा समजूत घालायला गेले. चारही वेळा दुसऱ्या वाक्यापासून भाषण सुरू झालं. परत आले.
दुपारी त्यांनी डाव्या हाताने रंग मारून पाहिला. मडगार्डवर लांब ओघळ. भिजवलेल्या पॉलिशपेपरने घासत बसले होते. मी दारातून बघितलं फक्त.

३० जानेवारी, शुक्रवार
"ये," एवढंच.
रुमाल मागे गाठ मारून घट्ट बांधला. एक शब्द नाही. ते पेन्सिलीने टेबलावर टिचकी देत होते. एक म्हणजे सावकाश, दोन म्हणजे जवळ. शेवटचा ओला थर मारताना श्वाससुद्धा जपून घेतला.
झालं. छतावरच्या ट्यूबलाइटची रेघ बॉनेटवर सरळ उमटली, कुठेही मोडली नाही. व. बराच वेळ वाकून बघत राहिले. शाबास वगैरे काही नाही.
इतका वेळ गप्प राहून त्यांचं काय काय दिसतं! भुवई, अंगठा. चौतीस वर्षं मी बघत होते कुठे?

४ फेब्रुवारी, बुधवार
फॉर्म अजून कोराच. भरा, म्हणावंसं हजारदा वाटलं. म्हटलं नाही.
संध्याकाळी दोघंच गॅलरीत. एकच प्रश्न विचारला, साध्या आवाजात, "वाईट वाटायचं?"
"पहिल्यांदा नाही," ते म्हणाले. "हॉल हसला तेव्हा मीही हसलो होतो. तू बोलायचीसच तशी." मग रस्त्याकडे बघत, "दुसऱ्यांदा सांगितलंस तेव्हा मला वाटलं…"
थांबले.
एरवी मी ते वाक्य पुरं केलं असतं. सभेत कुणी अडखळलं की शब्द पुरवायची सवय. तीन शब्द जिभेवर आलेही होते.
गिळले.
ते उठून आत गेले. आता त्यांच्या टेबलावरचा दिवा लागलाय, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी इथेच बसले आहे. वाक्य त्यांचं आहे.