टबाचं बूच

ओसाका, मंगळवार संध्याकाळ, एप्रिल २०१६

आज लई लाज वाटली. इथं शिकायला आल्यापासून ज्यांच्या घरी राहतेय, त्या जपानी काकूंनी मला सगळ्यांच्या आधी आंघोळीला पाठवलं. बाहेर अंग धुऊन गरम पाण्याच्या टबात बसले. काय सुख! निघताना वाटलं, माझं वापरलेलं पाणी दुसऱ्याला कसं ठेवू? म्हणून बूच काढलं. आवाज ऐकून काकू धावत आल्या. त्याच पाण्यात घरातली चौघं पाळीपाळीनं बसतात, नंतर त्यातच कपडे धुतात!

आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी येतंय आणि मी टबभर सोडून दिलं. काकू रागावल्या नाहीत, पण मला राहवेना. आईला फोन केला.

"बूच काढलंस? अगं, आम्ही इथं परातीत बसून आंघोळ करून राहिलोय. तेच पाणी धुण्याला. सांग त्यांना!"

मोडक्या जपानीत जमेना, म्हणून स्वयंपाकघरात उकिडवी बसून परातीतली आंघोळ करून दाखवली. काकू डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. उद्यापासून मी सगळ्यांच्या शेवटी बसणार आणि उरलेलं पाणी कपड्यांच्या मशीनमध्ये मीच भरणार. या घरात मला मिळालेलं हे पहिलं काम.