दोन्ही बाजूंनी झिजते

३ फेब्रुवारी

आभारात! माझं नाव आभारात!

आमच्या शेंडेफळाने, धाकट्या बहिणीने, आज तिच्या संशोधनाच्या पेपरचा मसुदा आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला, आईच्या चष्म्याशेजारी, जसं काही बक्षीसच मिळवून आणलंय. पहिलं नाव तिचं. मग तिच्या विभागप्रमुखाचं. मग आणखी दोघांचं, ज्यांची तोंडं मी कधी बघितलेली नाहीत. समीकरण कोणाचं? माझं! कॉलेजच्या उत्तरपत्रिकांचा ढीग बाजूला सारून मांडलेलं. आणि मी कुठे? शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'गणिती मदतीबद्दल'. माझ्या पुढचं नाव काचसामान धुणाऱ्या मावशींचं.

आई म्हणाली, "बघ, तुझंसुद्धा नाव छापलंय हो!"

सुद्धा!

मी म्हटलं, छान आहे. आणि भाजी वाढून घेतली.

४ फेब्रुवारी

ती बाथरूममध्ये गाते. तेही बेसूर. आईला वाटतं, गळा गोड आहे.

६ फेब्रुवारी

आज आईला समजावत होती. मी पलीकडे पेपर तपासतेय असं दाखवून ऐकत होते.

"आई, बॅटरी ही एवढीशी. नखाएवढी. मातीत पुरायची. आत मॅग्नेशियमचा पत्रा असतो, कागदाहून पातळ. मातीतल्या ओलीने तो झिजतो, आणि झिजता झिजता वीज देतो. त्या विजेवर एक सर्किट चालतं, ते पिकाला पाणी हवंय का ते कळवतं. तीन महिन्यांनी पीक निघतं, तोवर पत्राही संपतो. सर्किट छापलेला कागद कुजून जातो. मागे कचरा म्हणून राहत नाही."

आई म्हणाली, "म्हणजे काम झालं की आपणहून निघून जायचं. माणसांनाही शिकवा की असं काही."

दोघी खिदळल्या. मीही हसले. त्या तीन महिन्यांतला एकच महिना तिने प्रयोगात बघितलाय. उरलेले दोन माझ्या समीकरणातून आलेत, हे मात्र ती आईला बोलली नाही.

मार्चअखेर निवड समिती आहे. हे काम पसंत पडलं तर कायमची नोकरी, स्वतःची प्रयोगशाळा, दारावर पाटी. नाही पडलं तर करार संपतोयच. आई आत्तापासून सगळ्या शेजारणींना सांगत सुटलीय. माझ्या नोकरीच्या वेळी "बरं झालं, घराजवळ आहे" एवढंच म्हणाली होती.

११ फेब्रुवारी

आज आंघोळीला गेले, साबणाची वडी हातात घेतली आणि तशीच उभी राहिले.

बेसिनच्या कडेला चिकटलेली वडी फक्त वरून झिजते. खालून कोरडी ठणठणीत. तीच बादलीत पडली की दोन्हीकडून झिजते, निम्म्या वेळात संपते.

पत्रा! प्रयोगात तिने पत्रा काचेच्या पट्टीवर चिकटवला होता. हाताळायला बरा पडतो म्हणून. मी गणित मांडलं ते त्या पट्टीचं, एका बाजूचं. खऱ्या बॅटरीत काच कुठली? तिथे पत्रा मातीत मोकळा. दोन्ही बाजूंनी झिजणार! तीन महिने कसले, जेमतेम दीड. पीक अर्ध्यावर उभं आणि बॅटरी गारद!

ओल्या केसांनी येऊन गणित पुन्हा केलं. बरोबर आहे. म्हणजे चूक आहे.

कोणाची? तिने मला काचेची पट्टी दाखवली, मी काचेच्या पट्टीचं केलं. पुढे बॅटरीत पत्रा कसा बसवणार, ते मला कोण सांगणार? मी आभारातली बाई.

दुपारी तिला सांगणार होते. खरंच सांगणार होते! फोन हातात घेतला, तेवढ्यात तिचाच आला. "ताई, येताना लाँड्रीतून माझे कपडे आणशील? मला इथून हलता येत नाहीये."

आणले कपडे. अळी मिळी गुप चिळी.

१२ फेब्रुवारी

उघडं कोण पडेल? ज्याचं नाव पहिलं तो. आभारातल्या माणसाला कोणी फासावर चढवत नाही. बरं झालं, मी आहे तिथेच बरी आहे.

२० फेब्रुवारी

स्वतःच्या पायाने चालत आली. "ताई, एकदा शेवटची नजर टाक ना. तुझ्या नजरेखालून गेलं की मला शांत झोप लागते."

टाकली नजर. शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या, एक स्वल्पविराम घातला, परत दिलं.

"एवढंच?"

"बाकी तुझं तू बघ. मी आहे कोण?"

मसुद्याची पानं तिने उगाच सारखी केली. मग म्हणाली, "तुझं नाव मी लेखकांत घातलं होतं ताई. दुसरं. सरांनी काढलं. म्हणाले, बाहेरच्या माणसाचं नको."

तिच्या सरांना मी नंदीबैल म्हणते. समोरचा काहीही बोलो, हे मान डोलावणार. माझं नाव खोडतानाही डोलावली असेल.

"आणि तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी काय बोलणार गं? करार त्यांच्या हातात."

म्हणजे नंदीबैलापुढे हिनेही मान डोलावली! क्षणभर माझं मन द्रवलं होतं, ते पुन्हा घट्ट झालं. भांडायचं होतंस. एकदा तरी माझ्यासाठी कोणीतरी भांडायचं होतं.

जाताना माझा गालगुच्चा घेतला. पन्नाशीला टेकलेल्या बाईचा गालगुच्चा!

९ मार्च

घरात रंगीत तालीम. आई म्हणजे समिती, मी म्हणजे समितीतला खडूस म्हातारा. ती आरशासमोर उभी, नव्या कोटाची किमतीची चिठ्ठी अजून पाठीवर लोंबतेय. मी एकाहून एक अवघड प्रश्न विचारले. माती खारट असेल तर? थंडीत वीज किती मिळेल? कोवळ्या मुळांना त्रास? सगळ्यांची उत्तरं तयार. एकच प्रश्न सोडून मी सगळे विचारले.

"ताई, तू काय भयंकर आहेस!" म्हणाली. खूश होती. "तुझ्या तावडीतून सुटले म्हणजे समिती काय, किस झाड की पत्ती."

आईने दोघींना जवळ घेतलं. कोटाची चिठ्ठी मी काढली नाही. आईला दिसली, तिने काढली.

१५ मार्च

डोकं दुखतंय. सांगून टाकावं असं सकाळी वाटलं. संध्याकाळी वाटलं नाही.

२७ मार्च

झालं एकदाचं. आल्या आल्या लिहायला बसले.

भाषण सगळ्यांना खुलं होतं. मी आणि आई मागच्या रांगेत. शेंडेफळ छान बोलली. खोटं कशाला बोलू? फारच छान बोलली. आईच्या डोळ्यांना धार. नंदीबैल पहिल्या रांगेत डोलतोय. समितीत एक पांढऱ्या केसांची बाई होती, सगळा वेळ डोळे मिटून बसलेली. मला वाटलं, झोपली. कसली झोपते! शेवटी डोळे उघडून म्हणाली, "काचेवरचा पत्रा एका बाजूने झिजतो. तुमच्या बॅटरीत काच मला दिसली नाही. मग तीन महिने कुठून आले?"

हिचा चेहरा पांढराफटक. पाहत राहिले मी. याच क्षणासाठी तर आले होते.

आणि मग ती हसली. सुटका झाल्यासारखी! "हे समीकरण माझ्या ताईचं आहे. ती इथेच बसलीय. तिला विचारलं तर चालेल? तिला नक्की माहीत असेल." हात लांब करून माझ्याकडे दाखवलं. कौतुकाने! सगळ्या माना माझ्याकडे.

मी उठले. आधी पाचावर धारण बसली, मग डोकं एकदम थंड झालं.

"ते समीकरण काचेवरच्या पत्र्यापुरतंच आहे," मी म्हटलं. "मोकळ्या पत्र्याचं आयुष्य निम्मं धरायला हवं. हे मी तिला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. स्वयंपाकघरात. ती डबा भरत होती."

डबा कुठून सुचला, देव जाणे. पण खोटं बोलायचं तर त्यात डबा हवा. नुसतं 'सांगितलं होतं' कोण ऐकतं?

तिने माझ्याकडे पाहिलं. आता ओरडेल, आता मला खोटी पाडेल, म्हणून मी दात आवळून उभी. तोंड उघडलंही तिने. मग खाली बघितलं. "ताईने सांगितलं असेल तर... माझ्याकडूनच राहिलं. माफ करा."

नंदीबैलाने मान डोलावली.

पांढऱ्या केसांची बाई माझ्याकडे वळली. "समीकरण तुमचं, चूक तुम्ही दाखवलीत. मग लेखकांत तुमचं नाव का नाही?" भर सभेत विचारलं! इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मला रडूच आलं. लोकांना वाटलं, बहिणीसाठी रडतेय.

२८ मार्च

नाकारलं. दोन ओळींत.

आई मला म्हणाली, "ती धांदरट आहे, माहीत आहे ना तुला? मग एकदा सांगून गप्प का बसलीस? दोनदा सांगायचं होतंस."

इथेही माझंच चुकलं!

२ एप्रिल

भांडणाची वाट बघतेय. सगळी उत्तरं घासून-पुसून ठेवलीत. ती भांडतच नाही. मला वाटलं, मला झाकतेय. चारचौघांत थोरल्या बहिणीची अब्रू जाऊ नये म्हणून मोठेपणा घेतेय. त्याचाही राग आला. हिने कोण मोठेपणा घ्यायचा?

आज माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसली. "ताई, त्या दिवशी डब्यात काय होतं गं?"

पकडलं, मनात म्हटलं. "उकडलेली अंडी," मी म्हटलं.

तिने डोळे मिटले. कपाळावर आठ्या घालून बसून राहिली. मग म्हणाली, "नाही आठवत. अंडीही आठवत नाहीत, तू बोललेलंही आठवत नाही. किती प्रयत्न करतेय." आणि अगदी हळू, "बाबांचं असंच सुरू झालं होतं ना?"

बाबा साठीच्या आतच विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग आम्ही. शेवटी मला "बाई, तुम्ही कोणाच्या?" विचारायचे.

ती मला झाकत नव्हती. तिला खरंच वाटतंय की मी सांगितलं होतं! माझा शब्द आणि स्वतःचं डोकं, दोन्ही समोर ठेवून हिने माझा शब्द धरला.

"काहीतरीच काय!" मी म्हटलं.

१० एप्रिल

डॉक्टरकडे जाऊन आली. तपासण्या, मेंदूची चित्रं, आकडे. काही नाही म्हणाले. "बाबांनाही आधी काही नाहीच म्हणाले होते," ही म्हणते. तेही खरं आहे.

गॅसपाशी चिठ्ठी: बंद केला का? दारामागे चिठ्ठी: किल्ली. आई चिठ्ठ्या वाचते आणि माझ्याकडे बघते. मला घरात भीती वाटायला लागलीय.

आज सांगायचं ठरवलं होतं. पण कसं सांगायचं? आई काय म्हणेल? जीभच उचलत नाही. नालायक आहे मी. एवढं कळतं, तरी गप्प बसते.

१७ एप्रिल

नंदीबैलाचा फोन. दुरुस्त पेपर पुन्हा पाठवतोय. पहिलं नाव माझं! त्या पांढऱ्या केसांच्या बाईने सुचवलं म्हणे. आणि हिला वर्षभराचा करार वाढवून देत होते, तर हीच नको म्हणाली. "माझ्या हातून आता काम नीट होणार नाही, दुसऱ्याचं नुकसान होईल." पेपरवरून स्वतःचं नावही काढायला लावलं.

"तुम्ही समजवा तिला," नंदीबैल म्हणाला. "तुमचं ऐकते ती."

२१ एप्रिल

आज दुपारी खरं सांगितलं. सगळं! डबा नव्हता, अंडी नव्हती, मी तुला काही सांगितलंच नव्हतं, तुझं डोकं शाबूत आहे, मीच नीच आहे. पाय धरले तिचे.

तिने मला उठवलं. पदर नव्हता, बाहीनेच माझे डोळे पुसले. "ताई, माझ्यासाठी एवढं खोटं नको गं बोलूस. तुला कधी जमलंय का खोटं बोलायला?"

मग चहा ठेवायला गेली. साखर घातली का, ते मला दोनदा विचारलं.