लाल शाईची उत्तरं

ठमे,

तुझा आताचा पत्ता माझ्याकडे नाही आणि कुणाला विचारायला तोंडही नाही. तरी लिहितोय.

काल निवृत्त झालो. छापखान्यात चाळीस वर्षं इंग्रजी मजकुरातली विरामचिन्हं तपासली. टेबल आवरताना बांधणीवाल्याने त्याच्या खणातला मुलाच्या पत्रांचा गठ्ठा दाखवला आणि विचारलं, "तुमच्या लेकीची कुठायत?"

काय सांगणार, कपाळ! वसतिगृहातून तू इंग्रजीत लिहायचीस, तेही माझ्याच हट्टापायी. मी स्वल्पविराम हलवायचो आणि तेच पत्र लाल करून तुला परत पाठवायचो. स्वतःचं एक अक्षर नाही. तुझी आई ओरडायची, "अहो, पोरीला ताप आलाय!" मी म्हणायचो, "हो, पण अर्धविराम चुकलाय."

तुझं शेवटचं पत्र तेवढं माझ्याकडे राहिलं. त्यात एकही चूक सापडली नाही, म्हणून परत पाठवलं नाही. अकरा वर्षं झाली. पत्राच्या शेवटी तू विचारलं होतंस, "बाबा, तुम्हाला माझी आठवण येते का?" प्रश्नचिन्ह अगदी जागच्या जागी होतं. ते बघून मी खूश झालो आणि पत्र खणात ठेवून दिलं.

येते गं. रोज येते.

तुझा,
बाबा