ऋतिकाच्या बाळासाठी काय आणावे, काय आणू नये

मी, श्रीमती प्रमोदिनी रघुवीर हेरेकर, वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार टिळकवाडी, बेळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. दुखणे दाबणारी सकाळची गोळी आज मुद्दाम घेतलेली नाही, म्हणजे पुढे कोणी 'गुंगीत लिहिले' म्हणायला नको. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पोटातला आजार आता यकृतात उतरला आहे. दिवाळी बघायला मिळेल का, असे विचारले तेव्हा डॉक्टरांनी खिडकीचा पडदा सारखा केला. मला समजले.

वकील म्हणाले, कन्नडमध्ये टाईप करून देतो, कचेरीत सोपे जाते. मी नको म्हटले. ज्या व्यक्तीसाठी हे लिहिते आहे तिला ते माझ्या अक्षरात वाचता आले पाहिजे.

१. टिळकवाडीतले राहते घर माझे पती कै. रघुवीर यांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझा मुलगा श्रेयस आणि सून ऋतिका या दोघांना समान हक्काने मिळावे. ऋतिकाचे नाव कागदावर लागलेच पाहिजे. ते लावायला 'नंतर बघू' म्हणण्याची आमच्या घरातल्या पुरुषांना सवय आहे, म्हणून स्पष्ट लिहिले.

२. माझे सोन्याचे गोठ ऋतिकाला. मोडून नवीन घडवायचे असतील तर घडवावेत, मला काही वाटणार नाही. पुस्तके शाळेला द्यावीत. शाळेने नको म्हटले तर जो नेईल त्याला.

३. पोस्टातली माझी ठेव मी ऋतिकाच्या होणाऱ्या बाळाच्या सामानासाठी ठेवत आहे. मृत्युपत्रात घर, जमीन, दागिने येतात, दुपटी येत नाहीत, असे वकील म्हणाले. त्यांना जे कारण सांगितले ते इथेही लिहिते.

ऋतिकाला पाचवा महिना आहे. संक्रांतीच्या सुमारास बाळ यायचे आहे. पण आमच्या घरात बाळाची एक वस्तू नाही आणि ऋतिका ती येऊ देत नाही. श्रावणात मी शेजारच्या जयाबाईंकडून दोन झबली मागवली, तर तिने पिशवी न उघडताच परत पाठवली. मी बोलू लागले तेव्हा तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "आई, नको. नावसुद्धा नको." तिचा हात थंडगार होता. मी जिवंत असेपर्यंत ती हे ऐकणार नाही. मृत्युपत्र मात्र ऐकावेच लागते. श्रेयसने हे माझ्या दहाव्याच्या आत मोठ्याने वाचावे. ऋतिकाने बसून ऐकावे. मध्येच उठावेसे वाटले तर उठावे, पण परत येऊन उरलेले ऐकावे.

४. आता झाले ते लिहिते. ते घरात सगळ्यांना माहीत आहे, पण गेली दोन वर्षे कोणी मोठ्याने बोललेले नाही.

पहिल्या खेपेला, विधानसभेच्या निवडणुकीच्या दिवसांत, आम्ही तिघे कोल्हापूरला जाऊन सगळे सामान घेऊन आलो. मीही हौसेने बोट दाखवत होते. परतताना कोगनोळी नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली. मतदारांना वाटायला कोणी रोकड नेते का, हे ते बघत होते. शिपायाने डिकी उघडायला लावली, खोकी उचकटली, आणि शेवटी बोटाएवढा पायमोजा हातात घेऊन उभा राहिला.

"एष्टु तिंगळु?" त्याने विचारले. कितवा महिना?

"एंटु," ऋतिका म्हणाली आणि आठ बोटे दाखवली.

तो हसला. मोजा खोक्यात ठेवून, झाकण बसवून म्हणाला, "जावा बाई, सावकाश जावा. म्होरं खड्डे हाईत." निपाणी येईपर्यंत ऋतिका त्याची नक्कल करत हसत होती. इतकी हसलेली तिला मी नंतर पाहिलेली नाही.

नववा लागल्यावर एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आई, कालपासून हलत नाही." दवाखान्यात डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्या केल्या. मुलगी होती. डोक्यावर दाट केस, आणि रघुवीर यांची रुंद हनुवटी. कशाने गेली याचे कारण सापडले नाही, आणि डॉक्टरांनी तसे प्रामाणिकपणे सांगितले.

५. कपड्यांवर खर्च करू नये. का, ते ऋतिकाला माहीत आहे, श्रेयसला नाही. तो तेव्हा बाहेर सह्या करत होता. ऋतिका म्हणाली, "तिला अशी देऊ नका, काहीतरी घाला." मी पिशवीतले फ्रॉक काढले. एकाची कॉलर ताठ, एकाला जरी, एकाच्या गळ्यातून डोके जाईना. नर्स घाई करत नव्हती, माझेच हात चालत नव्हते. तेव्हा ऋतिकाची आई नागुबाई यांनी आपल्या जुन्या सुती लुगड्याचा पदर टर्रकन फाडला. "हिकडं द्या इहीणबाई," एवढेच म्हणाल्या, आणि नातीला त्यात गुंडाळले. ते कापड तिच्या अंगाला लागताना मी पाहिले. त्याच्याइतके मऊ काही आम्ही विकत आणले नव्हते. ऋतिकाचे वडील रवळूअण्णा यांनी तिला हातांत घेऊन मातीला नेले. श्रेयसच्या हातांत द्यायला ते तयार नव्हते. "तुमी नुसतं संगं चला जावई," म्हणाले.

तेव्हा या बाळाची दुपटी, लंगोट, झबली माझ्या जुन्या सुती साड्यांची शिवावीत. कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या सगळ्या साड्या त्यासाठी ठेवल्या आहेत. नागुबाईंनी शिवावीत. पाय आता मशीनवर चालत नाहीत असे त्या म्हणतील. तर मग हाताने शिवावीत.

६. गाडीत लावायची बाळाची खुर्ची मात्र नवीन, चांगली आणि महाग घ्यावी. इथे काटकसर करू नये.

हे वाचताना श्रेयस थांबेल. त्याने पाणी प्यावे आणि पुढे वाचावे. पहिली खुर्ची त्याने महिनाभर आधीच गाडीत बसवली होती. दवाखान्यातून घरी यायचे तेव्हा ती काढायचे कोणालाच सुचले नाही. दार उघडले आणि ती समोर. श्रेयस पट्टे सोडू लागला, त्याला ते सुटेनात. ऋतिका म्हणाली, "राहू दे रे." ती त्या खुर्चीशेजारी बसली. घर येईपर्यंत तिचा हात खुर्चीच्या कडेवर होता. मी पुढे बसले होते आणि आरशातून मला तेवढा हातच दिसत होता. पुढे श्रेयसने ती खुर्ची कोणाला तरी दिली. कोणाला, ते मी विचारले नाही.

तरी घ्यावी. खानापूरकडचे आजोळ, निपाणीचा हायवे, श्रेयसचे गाडी हाकणे, सगळे मला ठाऊक आहे. लोक म्हणतील, आम्ही मांडीवर घेऊनच वाढवली पोरे. त्यांना म्हणू द्यावे. खुर्ची बसवायला श्रेयसने एकट्याने जाऊ नये. दोघांनी मिळून बसवावी.

७. बाळबाळंतिणीला न्हाऊ घालायला मालुबाईंना तीन महिने ठेवावे आणि त्या मागतील तेवढे द्यावे. मागच्या वेळी ऋतिकाला दूध आले होते, आणि घरात बाळ नव्हते. त्या दिवसांत तिला शेकायला, तिचे केस धुवायला कोणी नव्हते. बाळ नाही म्हणजे बाळंतीण नाही, असे सगळ्यांनी धरले. या खेपेला आधी आईचे अंग, मग बाळाचे.

८. पुढील वस्तू आणू नयेत : बाबागाडी (टिळकवाडीच्या फुटपाथवर स्कूटरी उभ्या असतात, ढकलणार कुठे?), बाटल्या उकळायचे यंत्र (घरात पातेली आहेत), दूध कोमट करायचे यंत्र (तेच पातेले), चाके लावलेला पांगुळगाडा, पावडर, आणि चालता न येणाऱ्या मुलाचे बूट. भेट म्हणून आले तर आभार मानून ठेवून द्यावे.

९. कॉट नवीन घेऊ नये. या कलमाला रवळूअण्णांची संमती मी फोनवरून घेतली आहे.

मुलगी गेल्यावर ऋतिका बाळाच्या खोलीत जाईना, आणि श्रेयसला दार उघडवेना. रवळूअण्णा टेंपो घेऊन आले. एकट्याने बसून कॉटचे स्क्रू काढले. म्हणाले, "इहीणबाई, हे मी न्हेतो. पोरीच्या डोळ्याम्होरं नगो." ऋतिकाला वाटते ती कॉट त्यांनी मोडली. मोडली नाही. पुढच्या वर्षी ऋतिकाच्या भावाला, नागेंद्रला, मुलगा झाला. त्याच्या बारशाला ऋतिका गेली नाही, मी गेले. आतल्या खोलीत बाळ झोपले होते, त्याच कॉटमध्ये. मी बघतच राहिले. नागुबाई मागून आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"इहीणबाई, तिला सांगू नका. आमच्याकडं दुसरं न्हवतं काय. ती येती म्हटलं की आमी गवताच्या माडीवर चढवून ठेवताव."

"लपवता कशाला?" मी विचारले.

"तिला वाटंल, माझ्या लेकीची जागा दिली."

मला तसे वाटले नाही. ते पोर दोन्ही मुठी डोक्याशी घेऊन घोरत होते. मी तिथेच रडले, आणि मला बरे वाटले. तो मुलगा आता अंगणभर धावतो. ऋतिका, तू त्याला कडेवर घेतेस तेव्हा माहेरचे सगळे घर श्वास रोखून असते, ते याचसाठी. कॉट धुऊन, उन्हात वाळवून रवळूअण्णा आणून देतील. तुला नकोच वाटली तर तसे सांग, कोणी रागावणार नाही. पण आता ते तुझ्यापासून कोणी लपवू नये.

१०. माझ्या मोठ्या नणंद, श्रीमती मधुवंतीताई, यांना मी काही ठेवत नाही. त्याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही लिहिते.

पहिले जुने आहे. ऋतिका दवाखान्यातून आली त्या संध्याकाळी त्या दारात उभ्या राहून, तिला ऐकू जाईल असे म्हणाल्या, "जन्माआधी पाळणा आणला की तो रिकामाच राहतो. मी सांगितलं होतं." तेव्हापासून ऋतिकाला वाटते की आपणच कोल्हापूरहून मरण विकत आणले. मी दोन वर्षे त्यांच्याशी कामापुरते बोलत होते.

गेल्या महिन्यात त्या मला बघायला आल्या. मी पडूनच विचारले, "वन्सं, तुमच्या पहिल्या वेळी तुम्ही काय काय आणलं होतं?"

 त्यांचा पहिला मुलगा जन्मताच गेला होता. मी लग्न होऊन या घरात येण्याच्या आधीची गोष्ट.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "सुईदोरासुद्धा नाही. सासूबाई आणू देत नव्हत्या."

"तरी गेला ना?"

"मग कशानं गेला, तू सांग." त्यांचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "कशानं तरी गेला असेल ना गं, प्रमोदिनी?"

 इतकी वर्षे त्या एका कारणाच्या शोधात होत्या, आणि जे हाती लागले ते त्यांनी माझ्या सुनेच्या डोक्यावर ठेवले. मी उठून बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. चहा निवून गेला.

दुसरे कारण असे, की साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये असे वकील म्हणाले, आणि या कागदाखाली मला वन्संची सही हवी आहे.

११. मी गेल्यावर सुतक आहे म्हणून कोणतीही खरेदी थांबवू नये. तेरावा साधा करावा. त्या आठवड्यात ऋतिकाला डॉक्टरकडे जायचे असेल तर पाहुणे बाजूला ठेवून श्रेयसने तिला घेऊन जावे.

१२. ऋतिका, सामानाने काही होत नाही. आणून मरण येत नाही आणि न आणून टळत नाही. या बाळाचे काय होईल ते मला माहीत नाही. माझ्यासारख्या मरणाऱ्या बाईने खोटे वचन देऊ नये, म्हणून ते देत नाही. पण ते येईल तेव्हा त्याला गुंडाळायला कापड शोधावे लागू नये, एवढे मला वाटते.

१३. शेवटचे. बाळ झाल्यावर दवाखान्यात, बारशात, दुकानात, सगळीकडे लोक विचारतील, "पहिलंच का?" त्यांना घरातल्या कोणीही 'हो' म्हणू नये. दुसरे म्हणावे. पुढे कोणी काही विचारले तर सांगावे, न विचारले तर राहू द्यावे. पण दुसरे म्हणावे.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे. दोन ठिकाणी खाडाखोड आहे, ती माझीच आहे आणि तिथे मी आद्याक्षरे घातली आहेत. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही, आणि यानंतर करायला सवड मिळेल असे दिसत नाही.

स्थळ : टिळकवाडी, बेळगाव
दिनांक : १२ सप्टेंबर २०२५

(सही) प्रमोदिनी रघुवीर हेरेकर

साक्षीदार. प्रमोदिनी हेरेकर यांनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर :

१. (सही) जयाबाई सांबरेकर, शेजारी, टिळकवाडी

२. (सही) मधुवंती किल्लेदार, नणंद, राहणार कॅम्प, बेळगाव
सगळे वाचले. कलम दहा खरे आहे. माझ्या मुलाचे केस कुरळे होते.