घोडपदेवची अर्धवट बातमी

फणसवाडी, गिरगाव
मंगळवार, दुपार

ती. नलूताईस,

चिंतामणीचा वाकून नमस्कार. (पाठीमुळे पूर्ण वाकता येत नाही, तेव्हा जेवढा पोचेल तेवढा गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला, की त्यांनी औषधच थांबवलं? इथे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे मनू ठीक आहे, आणि मी ठीक आहे असं मनूचं म्हणणं आहे. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं भाऊजी मधेच फोन काढून घेऊन विचारतात, आणि संध्याकाळपर्यंत सांगलीभर तिसरंच काहीतरी झालेलं असतं. मागे मी 'दाढ काढली' म्हणालो, तर तू 'दाढी वाढवली' असं समजून मला वैराग्यावर अर्धा तास ऐकवलंस. म्हणून पत्र लिहितो आहे. एकटीने वाच, आणि दिवसाउजेडी वाच.

आमच्या वाडीत दिवाळीपासून 'हातभार' नावाची एक भानगड सुरू झाली आहे. समोरच्या इमारतीत वैशाली म्हणून एक मुलगी राहते, मोठ्या ऑफिसात कामाला आहे, माहेर घोडपदेवचं. तिने गिरगावापासून घोडपदेवपर्यंतची दोनेकशे माणसं एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जमवली. पैसा मधे आणायचा नाही. ज्याला जे येतं ते त्याने द्यावं, ज्याला जे हवं ते मागावं. कोणी मिक्सर दुरुस्त करून देतं, कोणी ब्लाउज शिवून देतं, कोणी नुसतंच बँकेत सोबत जातं. आमच्या मजल्यावरचे दत्ताराम लोकांच्या छत्र्या नीट करून देतात आणि त्याबदल्यात एका मुलीकडून इंग्रजी बोलायला शिकतात. (छत्री परत देताना हल्ली 'हॅव अ नाइस डे' म्हणतात. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी.) मलाही मार्चअखेरीस फॉर्म भरायला दिला. 'तुम्हाला काय येतं?' या रकान्यापुढे मी दोन दिवस बसून होतो. छत्तीस वर्षं विमा कंपनीत आवक-जावक सांभाळली, तेवढंच येतं. शेवटी मनू ओट्यापाशी उभ्या उभ्या म्हणाली, "लिहा की, बडबड." वैशालीने शहाणपणाने ते खोडून 'वाचून दाखवणे' असं केलं.

आठच दिवसांत मागणी आली. घोडपदेवला बकुळाबाई म्हणून एक विधवा बाई राहतात, डोळ्यांना दिसत नाही, त्यांना दुपारी चार वाजता पेपर वाचून दाखवायला माणूस हवा होता. पत्ता देताना वैशाली जरा घुटमळली. म्हणाली, "काका, तिथे कोण टिकत नाही. पाच जण झाले." मला वाटलं, बाई खाष्ट असतील. ग्रुपवरचे हितेंद्र मास्तर त्या पाचांतले शेवटचे. त्यांना विचारलं, तर चाळीस वर्षं वर्ग दणाणून सोडणारा तो माणूस इकडेतिकडे बघत पुटपुटला, "वाचा, पण आतल्या पानावरच्या छोट्या बातम्या वाचू नका." आणि कोपऱ्यावरून वळलासुद्धा.

बसने भायखळ्याला उतरून चालत गेलो. चाळीच्या पहिल्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली, लख्ख. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली नवऱ्याचा फोटो: कोंडीराम, गिरणीतला कामगार, रुंद चेहरा, कान जरा मोठे. दाराशी एक लोखंडी घडीची खुर्ची. बकुळाबाई पंच्याहत्तरीच्या, ताठ. "जयभीम भाऊ, तिथंच बसा, उजेड आहे," म्हणाल्या, चहा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून शेगडीपाशी बसल्या. मी खुर्चीत बसलो आणि तीनदा खाकरलो. आता तुला माहीत आहे, मी आयुष्यात कधी खाकरून बोलायला सुरुवात केलेली नाही. माझ्या आवाजाला खाकरण्यासारखं काही नाहीच. पण त्या दिवशी आवाज असा भरदार निघाला की गॅलरीतली दोन माणसं डोकावून गेली. मला वाटलं, खोलीचा गुण असेल.

मोठ्या बातम्या झाल्या, पाण्याची कपात झाली, आणि मग आतल्या पानावर एक चार ओळींची बातमी वाचली: "घोडपदेव, ता. ९. येथील एका ज्येष्ठ इसमास चहात साखर जास्त लागत असल्याचे वृत्त आहे." बकुळाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "साखर कमी करण्यात येईल." मला हसू आलं. हल्लीचे पेपर काय वाटेल ते छापतात, हे मनूला दाखवायचं म्हणून मी अंक काखेत मारून घरी आणला. ताई, ती बातमी त्यात नव्हती. आम्ही दोघांनी चष्मे बदलून बदलून पाहिलं. त्या जागी गाद्यांच्या सेलची जाहिरात होती.

(इथे भाऊजी म्हणतील, उन्हामुळे झालं असेल. मीही तेच म्हणालो होतो.)

दुसऱ्या दिवशी ओळींवर बोट ठेवून वाचत गेलो. पहिल्या पानाला काही नाही, दुसऱ्याला नाही. मग माझंच तोंड म्हणालं, "घोडपदेव, ता. १०. येथील एका इसमाच्या सदऱ्याचे वरचे बटण तुटून आठवडा उलटला, तरी संबंधितांचे लक्ष नाही." बोटाखाली शेअरबाजार होता. पाठमोरा आवाज आला, "संबंधितांकडे सुई नाही. सुई आणण्यात यावी." माझे हात गार पडले. तुला सांगतो, एप्रिल महिना, पंखा बंद, आणि पेपर मी शालीसारखा अंगाशी ओढून घेतला. मी उठलो आणि सरळ विचारलं, "बाई, हे काय चाललंय? घरात काही आहे का?"

त्या प्रथमच वळल्या. "काही नाही. आमच्यात भूतखेत मानत नाहीत," त्या ठामपणे म्हणाल्या. आता मानणाऱ्यांच्या घरात असतं तर निदान नारळ-लिंबू काही करता आलं असतं. न मानणाऱ्यांच्या घरात ते असलं तर माणसाने करायचं काय?

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे दोन मुलगे. धाकटा हर्षवर्धन त्यांच्याजवळ असतो, दिवसा कामावर जातो. थोरला संघर्ष. गिरणी बंद पडल्यावर कोंडीरामांनी हमाली करून त्याला शिकवलं, तो परीक्षा देऊन बँकेत लागला, आणि वर्षभरात नोकरी सोडून बँजो पार्टीत वाजवायला गेला. कोंडीरामांनी त्याला दाराबाहेर काढलं, ट्रंक गॅलरीत फेकली. त्या दिवसापासून बकुळाबाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. अकरा वर्षं! एका खोलीत! कोंडीरामांना रोज चार वाजता मोठ्याने पेपर वाचायची सवय होती. आठवडाभराने त्यांनी पेपरात स्वतःच्या बातम्या घालायला सुरुवात केली. पाठ दुखते, भाजी आणली, पाऊस येईल असं वाटतं. यासुद्धा भिंतीकडे बघून, कोणालाच नाव न घेता उत्तर देत. "वाईट नव्हतं तसं," त्या म्हणाल्या. "भांडण मोडत नव्हतं आणि काम अडत नव्हतं." सात वर्षांपूर्वी एका दुपारी कोंडीराम याच खुर्चीत वाचत होते. "येथील कोंडीराम नामक इसमाने आज आपल्या पत्नीस..." एवढं म्हणाले, आणि गेले. पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं.

"पुढं काय होतं भाऊ? पत्नीस काय?" बकुळाबाईंनी मला विचारलं. "पाच जणं आली, सगळी तिथवर येतात आणि पळतात."

मीही पळालो. खोटं कशाला सांगू? घरी आलो तर मनू म्हणाली, "ते वाक्य पुरं झालं आणि तुम्हीही त्याच खुर्चीत आटोपलात तर?" हा विचार मला सुचलाच नव्हता, तो सुचवून ती भाजी निवडायला बसली. पुढचे चार दिवस मी घोडपदेवचं नाव काढलं नाही. हितेंद्र मास्तरांना गाठलं, त्यांनी कबूल केलं. "'पत्नीस'पर्यंत आलो, आणि छातीवर कोणीतरी आतून हात ठेवला. बोलायला नव्हे हो, थांबवायला." पाचव्या दिवशी वैशाली निरोप घेऊन आली: बकुळाबाई म्हणतात, वाचू नका, नुसते चहाला या, चार वाजले की खुर्ची रिकामी दिसते. ताई, मला लाज वाटली. आयुष्यभर लोकांची पत्रं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचवली, आणि हे एक वाक्य शेजारच्या माणसापर्यंत पोचवायला मी घाबरत होतो.

शनिवारी गेलो. मनू बरोबर आली, "तुम्हाला एकट्याला आटोपू देणार नाही" म्हणून. पिशवीत अंगाऱ्याची पुडी. बकुळाबाईंनी वासावरूनच ओळखलं. "ते पिशवीतच राहू दे, बाई. इथं चहा घ्या." मी खुर्चीत बसलो, खाकरलो, पेपर उघडला. चाळीत त्या वेळी केवढा आवाज असतो, नळावरच्या बादल्या, कोणाचा तरी टीव्ही, खाली टॅक्सी-टेम्पो. आतलं पान उलटलं आणि सगळं एकदम बंद झालं. कबुतरंसुद्धा. माझ्या तोंडून आलं, "घोडपदेव, ता. १५. येथील कोंडीराम नामक इसमाने आज आपल्या पत्नीस..." आणि छातीवर तो हात आला. मनू सांगते, माझे ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि चेहरा रुंद दिसत होता. ती पुडी काढायला धावली, पण तिची बोटंच हलेनात.

तेव्हा बकुळाबाई शेगडीपासून उठल्या. भिंत धरून खुर्चीपर्यंत आल्या, माझ्यासमोर जमिनीवर बसल्या, आणि वर बघून म्हणाल्या, "अहो, बोला ना. मी ऐकतेय."

नुसतं एवढंच. अठरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा 'अहो' म्हटलं होतं.

छातीवरचा हात निघाला. "...पत्नीस कळविले आहे की," मी वाचलं (वाचलं कसलं, पेपर केव्हाच खाली पडला होता), "संघर्षला घराबाहेर काढले ही चूक सदर इसमाची एकट्याची होती. नंतर तो बदलापूरला मुलाच्या घराखाली जाऊन उभा राहिला. वर जाण्याचे धाडस झाले नाही. घरी येऊन भाजी आणायला गेलो होतो असे सांगितले."

बकुळाबाईंनी पडलेला पेपर उचलून घडी घातली. मग म्हणाल्या, "किती वेळा गेलात?"

"तीनदा."

"मला सांगायचं होतं. मी आले असते की बरोबर."

तिथे बातमी संपली. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला, नळ सुरू झाला, आणि मी माझ्या नेहमीच्या पिचक्या आवाजात पाणी मागितलं. मनू रडत होती. बकुळाबाईंनी आम्हा तिघांना चहा केला आणि चौथा कप भरून खुर्चीखाली ठेवला. "मानत नाही आम्ही," त्या पुन्हा म्हणाल्या, "पण चहा उरला होता."

संध्याकाळी त्यांनी संघर्षला फोन लावला. तो हल्ली साउंड सिस्टीम भाड्याने देतो. त्याने वडिलांना खिडकीतून पाहिलं होतं, दोनदा. वडील वर येतील म्हणून हा थांबला, आणि ते गेल्यावर जिन्यात जाऊन बसला. तिसरी खेप त्याला माहीत नव्हती. परवा रविवारी बायकोमुलीला घेऊन आला. बकुळाबाईंनी आधी त्याला तासभर झाडलं, मग जेवायला वाढलं. मी अजून सोमवारी आणि गुरुवारी जातो. पेपरात आता जे छापलं आहे तेवढंच असतं. खरं सांगू? फार कंटाळवाणा असतो.

असो. भाऊजींना नमस्कार सांग, गुडघ्याला शेक घेत जा.

तुझा,
चिंतामणी

ता. क. हर्षवर्धन काल भेटला. त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच झालं आहे, आणि त्या गॅलरीतून लांबच्या बसची पाटी वाचतात. मी बकुळाबाईंना विचारलं, मग भिंत धरून का चालत होता? म्हणाल्या, "पाय कापत होते, भाऊ."

आणखी ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. 'हातभार'वर लालबागहून नवी मागणी आली आहे: एका बाईंना रविवारी दुपारी रमीला चौथा भिडू हवा आहे. वैशाली चौकशी करून आली. बाई एकट्याच राहतात. बाकीचे दोघं कोण, असं तिने विचारलं, तर म्हणाल्या, "ते वेळेवर येतात." हितेंद्र मास्तरांनी ग्रुप सोडला आहे, मनूने माझं नाव खोडलं आहे, आणि मी तुझं दिलं आहे. माहेरी सगळ्यांत चांगली रमी तूच खेळायचीस. शनिवारची गाडी पकड. पत्ते आणू नकोस. तिथे केव्हाचेच वाटून ठेवलेत म्हणे.