मागच्या दारच्यासारखा दगड

प्रिय ताई,

तुला नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांनाही.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण सूनबाईने एकावर एक स्वेटर चढवून माझा कोबी केलाय.

लेकाच्या घरामागे जपानी पद्धतीची बाग करायची चाललीय. आपल्याकडे तगर, अबोली, जास्वंद, पाय ठेवायला जागा नसायची. इथे एक बांबू, एक बुटका मेपल, थोडं शेवाळ, तीन दगड आणि बाकी सगळं मोकळं. "आई, एक दगड तू निवड," लेक म्हणाला. "रोज तुलाच बघायचाय." म्हणजे मी कायमचं इथे राहावं. सरळ विचारायला तो लहानपणापासून लाजतो.

दगडवाल्याच्या आवारात मी प्रत्येक दगडावर बाटलीतलं पाणी ओतून पाहिलं. एक ओला होताच काळाभोर झाला, अगदी आपल्या मागच्या दारच्या धुण्याच्या दगडासारखा. आई त्यावर बसवून आपल्या टाचा घासायची, आठवतं? रडायचीस तू, आणि तुझं बघून मी.

सोबत आलेला बागेचा माळी म्हणाला, "बाई, हा बसायचा दगड आहे, बघायचा नाही." मी तोच घेतला.

इथे दगड थोडा मातीत पुरतात, म्हणजे तो पहिल्यापासून तिथलाच वाटतो. मी म्हटलं, "माझा पुरू नका, नुसता टेकवा."

 संध्याकाळी लेकानेच आपणहून माझ्या परतीच्या तिकिटाची तारीख विचारली.

वेळेवर जेवतेस ना? माझ्या पलंगावर तुझा पसारा असेल, तो हळूहळू उचलायला लाग.

तुझंच,
शेंडेफळ