सिंधी पुरोहितांसाठी माझा ट्रेनिंग क्लास

३ एप्रिल १९५०, सकाळ
शहाड. संकल्प सोडला! सिंधहून निर्वासितांच्या कॅम्पात आलेल्या पुरोहितांसाठी क्लास काढणार. बिचारे! मुलुख नवा, यजमान नवे, मराठी लग्नातलं ओ की ठो कळत नाही. प्रिन्सिपॉल अर्थात मीच. आमच्या सौ. म्हणाल्या, आधी स्वतःचे यजमान सांभाळा. दुर्लक्ष केलं.

६ एप्रिल
उद्घाटन. ओसरीभर सतरंजी घातली. विद्यार्थी एक. लीलाराम महाराज, माझ्याहून वडील. त्यांचे यजमान फाळणीत चहूकडे पांगले, म्हणून इथे काम हवंय. येताना पापड घेऊन आले. सुरुवात लहानच बरी.

११ एप्रिल
मंगलाष्टकं शिकवली. माझी चाल खणखणीत. शेजारचा दगडू खिडकी लावून घेतो, वाऱ्याचा त्रास असावा. महाराजांनी विचारलं, लोक सगळ्या अक्षता आधीच का टाकून देतात? म्हटलं, आनंद अनावर होतो हो! माझ्या लग्नांत तर दुसऱ्याच 'सावधान'ला मुठी रिकाम्या.

२० एप्रिल
काळुरामशेटच्या लेकीचं, शालूचं लग्न माझ्याकडे! गावातलं सगळ्यात मोठं घर. हे नीट पार पडलं की त्यांच्या पुतणीचं, नीलाचंही माझंच, मग काय, तालुकाभर नाव! महाराजांना प्रॅक्टिकल बघायला नेणार. आवाजासाठी तळलेलं बंद.

२१ एप्रिल
महाराजांनी पापड तळून आणले. विद्यार्थ्याचं मन मोडवेना.

७ मे, संध्याकाळ
शालूचं लग्न. ऐन मंगलाष्टकांत घसा बसला. महाराजांनी पुढचं उचललं, तेही त्यांच्याकडच्या भजनाच्या चालीत! बायकांची कुजबुज थांबली. लोक अक्षता मुठीत धरून उभे, टाकायचंच विसरले. केवढं पक्कं माझं ट्रेनिंग!

९ मे
काळुरामशेट घरी आले. म्हणाले, नीलाच्या लग्नाला महाराजांनाच पाठवा. मी विचारलं, आणि मी? म्हणाले, तुम्ही पण या की गुरुजी, अंतरपाट धरायला माणूस लागेलच. आत सौ. फिस्सकन हसल्या. मानाचं काम असतं ते.

२५ मे
नीलाचं लग्न. अंतरपाट धरला. हात भरून आले. महाराज गायला लागले आणि फार वाईट वाटलं, अगदी रडू येईल इतकं. मग ते वाईट वाटणं कधी थांबलं कळलं नाही. शेवटचं 'सावधान' झालं, वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, आणि नवरानवरी हार घेऊन पडद्याच्या दोन बाजूंना तशीच. काळुरामशेट ओरडले, अहो गुरुजी, पडदा काढा!
मी ऐकत राहिलो होतो.